मागून घेतलेले चित्र

मराठी घरात हसऱ्या चित्रांना कधी तोटा नव्हता. दिवाळीत 'मोहिनी', 'हंस', 'जत्रा', 'आवाज' यायचे आणि 'आवाज'ची खिडकी आधी कोणी उघडायची यावरून भावंडांत जुंपायची. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि वेताळ मराठी बोलत घरोघर पोचला. अमर चित्र कथेत प्रताप मुळीकांनी रेखाटलेला शिवाजी आला. २१ नोव्हेंबर १९९१पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू रोज चहाच्या कपाशेजारी येऊन बसू लागला. ही सगळी चित्रे आपण पाहिली, कापून ठेवली, वहीत चिकटवली. पण ज्या कागदावर चित्रकाराचा हात खरोखर फिरला, तो कागद पुढे कुठे गेला, हे विचारायचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

हे पुस्तक त्या कागदाबद्दल आहे. त्याचे दोन भाग आहेत. व्यंगचित्रे आणि चित्रकथा यांची हाताने काढलेली मूळ पाने कशी शोधावीत, ओळखावीत, जपावीत हा पहिला भाग. आपल्या घरातली, आपल्या माणसांची गोष्ट चित्रकाराकडून मुद्दाम काढून कशी घ्यावी हा दुसरा. पहिल्या भागात माहिती जास्त आहे, पण माझा जीव दुसऱ्यात गुंतला आहे. या प्रस्तावनेत दोन्हींची ओळख करून देतो, म्हणजे वाचकाला आपले पान कोणते ते ठरवता येईल.

आधी मूळ पान दिसते कसे ते सांगतो. अकोल्याच्या जुन्या शहरात रद्दीच्या गठ्ठ्यातून मला मिळालेले एक राजकीय व्यंगचित्र समोर ठेवून हे लिहितो आहे. जाड ड्रॉइंग पेपर, कडा पिवळ्या पडलेल्या. छापून आलेले चित्र तळहाताएवढे असेल, हे त्याच्या दुपटीहून मोठे आहे. समासात निळ्या पेन्सिलीने 'तीन कॉलम' असे लिहून खाली जाड रेघ मारली आहे. पुढाऱ्याच्या नाकावर पांढरा पोस्टर कलर फासलेला आहे. कागद उजेडाकडे तिरका धरला की त्या पांढऱ्याखाली पहिले नाक दिसते. ते जास्त लांब होते. म्हणजे चित्रकाराने आधी जोरात टोला हाणला आणि मग जरा आवरते घेतले. चित्राखालची ओळ वेगळ्या पट्टीवर लिहून डिंकाने चिकटवली आहे आणि तिच्या एका टोकाला शाईने माखलेला अंगठा उमटला आहे. तो बहुधा ब्लॉकवाल्याचा.

खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात असे प्रत्येक चित्र ब्लॉकमेकरकडे जायचे. तिथे त्याचा फोटो घेऊन हव्या त्या मापाची निगेटिव्ह करायची, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, मग आम्लात पत्रा खायला घालायचा. रेषा तेवढ्या उंच राहत. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की ब्लॉक तयार. चित्र मोठे काढायचे कारणही हेच. मापाने लहान होताना हाताची थरथर झाकली जाते आणि रेषा घट्ट होते. ब्लॉक झाला की कागदाचे काम संपले. तो छापखान्यात पडून राही, कशाच्या तरी गुंडाळीला वापरला जाई किंवा रद्दीत निघे. मुद्दाम कोणी फाडून टाकला असे नव्हते. छापलेले तेच चित्र आणि कागद म्हणजे त्याचा कच्चा माल, अशी सगळ्यांचीच समजूत होती.

अमेरिकेतही वेगळे नव्हते. ज्याच्या हातून कॅप्टन अमेरिका, फँटॅस्टिक फोर, हल्क ही मंडळी कागदावर उतरली, त्या जॅक कर्बीला स्वतःचीच पाने परत मिळवण्यासाठी मार्व्हल कंपनीशी वर्षानुवर्षे भांडावे लागले. १९८७मध्ये तडजोड झाली तेव्हा दहा हजारांहून जास्त पानांपैकी दोन हजारांच्या आसपास हाती आली. आणि आज? जानेवारी २०२२मध्ये स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचे एक पान ३३ लाख डॉलरच्या वर गेले. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसच्या लिलावात टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी एर्जेने १९३६मध्ये काढलेले मुखपृष्ठ सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले. त्या चित्राची सांगितली जाणारी हकिकत मला किमतीपेक्षा जास्त आवडते. छपाईला महाग पडेल म्हणून ते नापसंत झाले, एर्जेने ते प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला देऊन टाकले आणि पोराने घड्या घालून खणात ठेवले. त्या घड्यांच्या रेघा लिलावाच्या दिवशीही कागदावर होत्या. एर्जेच्या वारसांना ही हकिकत पटलेली नाही, पण घड्या तर खोट्या नाहीत.

मूळ चित्राला मान देण्याची रीत मात्र आपल्याला परकी म्हणता येणार नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून, त्यांच्या पोथ्या बांधून, एकेक पान पुढे करत गाऊन गोष्ट सांगत आले. चित्रकथेचे पान म्हणजे आणखी काय असते? या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. तो 'राजा' म्हणजे दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. अडकित्ते, दिवे, दौती जमवणाऱ्या बापाने एवढा पसारा त्याच्या नावाने उभा केला. संग्रहामागे खासगी कारण असले म्हणून संग्रह लहान होत नाही, हे सांगायला मला याहून मोठे उदाहरण सापडत नाही.

व्यंगचित्राला भिंतीवर जागा मिळवून दिली ती शि. द. फडणीसांनी. बसथांब्यावर उभे तरुण-तरुणी, एकाच्या कपड्यांवर मांजरे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, हे त्यांचे मुखपृष्ठ आठवत नाही असा मराठी वाचक विरळा. गणिताच्या पाठ्यपुस्तकात त्यांची चित्रे आली आणि बेरीज-वजाबाकीतही पोरे हसू लागली. 'हसरी गॅलरी' या प्रदर्शनांतून त्यांनी मूळ चित्रेच लोकांसमोर मांडली. छापील अंकातून हसलेला माणूस तिथे कागदापुढे उभा राहिला की त्याला कळायचे, एवढी सोपी दिसणारी रेषा किती मोजूनमापून ओढलेली आहे. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंते. त्यांनी मराठी लेखकांची जी अर्कचित्रे काढली ती म्हणजे मराठी साहित्याचा वेगळाच इतिहास आहे. आपल्या विदर्भात मनोहर सप्रे चंद्रपूरला राहून व्यंगचित्रे काढत राहिले आणि लाकडातूनही चेहरे शोधत राहिले. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांचे संग्रहालय पुण्याच्या बालेवाडीत २०२२मध्ये उघडले. पहिला भाग याच वाटेने जातो. अशा थोरांचे मूळ पान सामान्य माणसाच्या हाती लागणे अवघड आहे, पण दैनिकांत, साप्ताहिकांत, गावोगावच्या दिवाळी अंकांत उमेदीची वर्षे घालवलेल्या चित्रकारांच्या घरी गठ्ठे पडून आहेत. त्यांच्याकडे जावे, बसावे, चहा घ्यावा, पाहावे आणि योग्य दाम मोजून एखादे घ्यावे.

आता दुसरा भाग. चित्र विकत घेणे आणि मागून घेणे यांत मोठा फरक आहे. तयार चित्रात तुमचे काही नसते. ते तुम्हाला आवडले एवढेच तुमचे. मागून घेतलेल्या चित्रात रेषा चित्रकाराची असते, पण तपशील तुम्हीच पुरवायचा असतो. तो तुम्ही दिला नाही, तर कितीही मोठा चित्रकार असो, तो तुम्हाला कुठल्याही घरात शोभेल असे चित्र देईल. या सगळ्या पुस्तकात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: चित्र मागणाऱ्यालाही काम असते, आणि ते पैसे देण्याहून अवघड असते.

माझ्या घरचेच सांगतो. बाबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते. दिवसभर कापसाच्या गाड्यांचा हिशेब आणि रात्री भाड्याने आणलेला वेताळ, असा त्यांचा शिरस्ता. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मात्र ते कावडीला जायचे. अकोल्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे: गांधीग्रामला पूर्णा नदीचे पाणी भरायचे, रातोरात अठराएक किलोमीटर चालत जुन्या शहरात यायचे आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करायचा. मंडळामंडळाच्या कावडी असतात आणि कोणाची किती भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, यावर ईर्ष्या चालते.

बाबा गेल्यावर मला वाटले, त्यांचे एक पान काढून घ्यावे: कावडीखाली बाबा आणि त्यांच्या शेजारी खांदा देणारा वेताळ. चित्रकार पुण्याचा, तरुण, हाताचा पक्का. त्याने पेन्सिलीचा कच्चा आराखडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सुंदर होता, पण त्यात बाबांच्या खांद्यावर एक काठी आणि तिच्या दोन टोकांना दोन कलश होते. उत्तरेकडच्या कावडयात्रेचे फोटो पाहून काढलेली ती कावड. आमची तशी नसते. लांबलचक बांबूंचा सांगाडा, त्यावर ओळीने बांधलेली भरणी, आणि खाली जागा मिळेल तिथे खांदा लावणारी माणसे. एकट्याने उचलायचे ते कामच नव्हे. मी फोटो पाठवले. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. पायात काय? काही नाही, अनवाणी. पाऊस होता का? श्रावण आहे, असेलच. खांदा कोणता?

इथे मी अडलो. फोटोत बाबा कुठेतरी गर्दीत. आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "डावा. उजव्या हातानं चष्मा धरत ना ते. पान्यात घसरे त्याईचा."

हे वाक्य मी जसेच्या तसे चित्रकाराला कळवले. पुढच्या आराखड्यात सगळे बदलले होते. भरणी, बांबू, भिजलेली गर्दी आणि मधोमध डाव्या खांद्यावर भार घेऊन उजव्या हाताने चष्मा सावरणारे बाबा. शेजारी वेताळ आपला मुखवटा तसाच सावरतो आहे. ही वेताळाची गंमत चित्रकाराची, मला सुचलीच नसती. पण चष्मा आईचा. तो मिळेपर्यंत त्या पानावर एक कावडवाला होता; मिळाल्यावर बाबा झाले.

म्हणून या पुस्तकात चित्र मागणाऱ्यासाठी एक प्रश्नावली दिली आहे. ज्याचे चित्र हवे त्या माणसाचा हात रिकामा असताना काय करतो? बसतो कसा, पाय दुमडून की लांब सोडून? खिशात काय असते? राग आला की आधी काय हलते? चेहऱ्याचा फोटो सगळेच पाठवतात. व्यंगचित्रकाराला फोटोतून नाक-डोळे मिळतात, माणूस मिळत नाही. वऱ्हाडातल्या ज्या घरांनी आपली चित्रे या पुस्तकासाठी पाहू दिली, तिथेही हाच अनुभव आला. एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या मुलीने वडिलांचे चित्र मागितले तेव्हा सांगितले, की ते घरी जेवायला वाढतानासुद्धा ताटावर चिमट्यासारखी दोन बोटे टकटक वाजवायचे, तिकिटाच्या पेटीवर चिमटा वाजवायची सवय. अमरावतीच्या एका घरात आजीचे चार चौकटींचे पान आहे. रानातल्या पंगतीसाठी रोडगे भाजताना आजी प्रत्येक चौकटीत कोणाला तरी रागावते आहे आणि राखेतून काढलेला रोडगा त्यालाच आधी देते आहे.

व्यवहाराचे चार शब्द. चित्रकाराला विचारताना 'एक छोटंसं चित्र काढायचंय, तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम' अशी सुरुवात करू नये. पाच मिनिटांच्या रेषेमागे वीस वर्षांचा हात असतो. माप, काळे-पांढरे की रंगीत, किती आकृत्या, कच्च्या आराखड्यात किती वेळा बदल, मुदत, आगाऊ रक्कम हे आधीच लिहून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले तरी चालते. आराखडा मंजूर केल्यावर शाईच्या वेळी 'मामेभावालाही घाला' असे सांगू नये. २०११पासून आपल्याकडे कॉमिक कॉन भरू लागले आणि तिथे तरुण चित्रकार समोर बसून रेखाटने करून देतात. सुरुवातीला ती सोय चांगली. आज बरेच जण थेट टॅब्लेटवर काढतात. तसे असेल तर मूळ कागद निघणारच नाही. कागदच हवा असेल तर तसे पहिल्याच बोलण्यात सांगावे.

हक्कांचा प्रश्न लोक टाळतात, मी टाळणार नाही. चित्राचा कागद विकत घेतला म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. तयार चित्राचा कॉपीराइट साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, आणि आपल्या १९५७च्या कायद्यानुसार त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या वारसांकडे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राबद्दल त्याच कायद्याच्या कलम १७मध्ये वेगळी तरतूद आहे: पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि उलट करार नसेल तर पहिला मालक ते काढून घेणारा. व्यंगचित्र नेमके यात कुठे बसते यावर वकील वाद घालू शकतात, म्हणून दोन ओळींचा लेखी करार बरा. चित्राखालची सही खोडण्याचा किंवा चित्र विद्रूप करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. आणि दुसऱ्याच्या नायकाला आपल्या घरी बोलावले असेल तर तो पाहुणाच. वेताळ माझ्या बाबांच्या शेजारी दिवाणखान्यात उभा राहू शकतो, टी-शर्टवर छापून मी त्याला विकू शकत नाही. ते पान या पुस्तकात छापलेले नाही, त्याचे कारण हेच.

जपणुकीवर एक पूर्ण प्रकरण आहे, पण जे लोक प्रस्तावनाच वाचतात त्यांच्यासाठी सार इथेच देतो. लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून जन्मपत्रिकेपर्यंत सगळे लॅमिनेट करायची हौस आहे; मूळ चित्राचा तो अंत असतो, कारण उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा केल्याशिवाय पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टी, फेविकॉल, स्टेपल वर्ज्य. आम्लरहित माउंट घ्या आणि काच कागदाला टेकणार नाही अशी फ्रेम करा. नाहीतर पावसाळ्यात काचेला घाम येतो आणि शाई तिलाच चिकटते. इंडियन इंक उन्हाला सहजी दाद देत नाही, पण स्केचपेन आणि रंगीत शाया आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात खिडकीसमोर काही वर्षांत उडून जातात. धाब्याच्या घरात कसर आणि वाळवी कागदाच्या मागावरच असतात, तेव्हा मातीच्या भिंतीला फ्रेम सपाट टेकवू नका, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या. मोर्णा नदीकाठी राहत असाल तर चित्रांची पेटी खालच्या मजल्यावर नको. आणि प्रत्येक चित्राचे चांगले स्कॅन करून ते दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा.

किमतीबद्दल मला सतत विचारतात: हे पुढे वाढेल का? थोरांची चित्रे वाढतील, बाकीच्यांचे सांगता येत नाही. पैसे वाढवायला सोने आहे, प्लॉट आहे. काढून घेतलेल्या चित्राला बाहेर बहुधा काहीच भाव येणार नाही, कारण चष्मा धरणारा तो माणूस कोण हे लिलावातल्या गिऱ्हाइकाला माहीत नसते. पण ते तुमच्या नातवालाही माहीत नसेल, तर मग घरातही त्याची किंमत तेवढीच. मूळ कागद छपाईनंतर रद्दीत गेले ते दुष्टपणाने नव्हे. त्यांच्यामागची गोष्ट कोणी सोबत ठेवली नाही म्हणून गेले. मागून घेतलेल्या चित्रांचेही तेच होईल, आणि ते रोखणे चित्रकाराच्या हातात नाही.

तेव्हा पुस्तकाच्या शेवटी जो कोरा नमुना दिला आहे, तो आधी भरा, बाकीचे सावकाश वाचा. चित्र कोणाचे, कोणी काढले, कधी, किती रुपयांत, कोणी काय सांगितले म्हणून ते असे निघाले, हे सगळे आम्लरहित कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून फ्रेमच्या मागच्या पाकिटात घाला. बॉलपेन नको, ते उमटते. आणि अजून चित्र काढून घेतलेच नसेल, तर प्रश्नावली घेऊन आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. चित्रकार नंतरही मिळतील.

जुने शहर, अकोला